कोरी बाटली

सोळा सप्टेंबर दोन हजार अठरा, रविवार, गणपतीचा चौथा दिवस. वेळ सकाळी अकरा. जागा आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचा मांडव, म्हणजे पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर काढून केलेली मोकळी जागा. हजर मोठी माणसं सव्वीस, मुलं सतरा. व्याख्यानाचा विषय 'परग्रहावर जीव असेल का?'. वक्ते दुसऱ्या मजल्यावरचे बाटलीमामा. मानधन रुपये दोनशे एक्कावन्न, पाकिटात, सोबत नारळ. नारळ मामांनी घेतला. पाकीट घेतलं नाही.

मी सोसायटीचा खजिनदार. इतक्या वर्षांत वक्त्यानं मानधन परत केल्याची ही एकच घटना. "रिपोर्ट पुरो जावक नाय अजून," मामा म्हणाले. "झालो की घेईन." तो रिपोर्ट कुठला आणि तो पुरा व्हायला सहा वर्षं का लागली, ते सांगायचं तर आधी मामा सांगायला हवेत.

मामांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पोस्टमनवर यायची. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. आधी नळांवरून नमुने गोळा करायचे, मग बढती मिळाल्यावर ते तपासायचेही. पहिले नळ आमच्याच बाजूचे असले की बाटल्यांची पेटी आदल्या संध्याकाळी घरी यायची. सकाळी सहाला मामा पेटी घेऊन जिना उतरू लागले की चोवीस बाटल्या किणकिणायच्या. एकदा नवा वॉचमन आला. त्यानं आठवडाभर बघितलं आणि सेक्रेटरीला सांगितलं, "साब, दूसरे मालेवाला अंकल पेटी के हिसाब से पीता है." मामांना कळलं तेव्हा त्यांनी त्याला बोलावून पेटी दाखवली. "रिकाम्यो हत, बघ. पण उघडूक देवचंय नाय. उघडली की कामातून गेली." त्या दिवसापासून ते बाटलीमामा. त्यांच्या बायकोला, मामींनासुद्धा, कुणी कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

कुठल्याही नळावर त्यांची रीत ठरलेली. आधी नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं भाजायचं, मग दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मग बाटली भरायची, तीही काठोकाठ नाही. या सगळ्यात बोट कुठेही लागता कामा नये. ती सवय घरीही उतरली होती. कुणाकडे चहाला गेले तर पाण्याचा पेला ते खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचे आणि मग प्यायचे. माझ्या बायकोला याचा राग यायचा. तिला मी सांगायचो की आपल्या घरात आल्यावर मी आधी विजेचा मीटर बघतो, तसंच ते.

चोवीसपैकी तेवीस बाटल्या नळांसाठी. चोविसावी कोरी. कोरी म्हणजे तिच्यात निर्जंतुक केलेलं पाणी आधीच भरून, झाकणावर कागद बांधून, सील करून ठेवलेलं. ती दिवसभर बाकीच्यांबरोबर फिरायची, पण कुठेही उघडायची नाही. संध्याकाळी तिचीही तपासणी व्हायची. तिच्यात काही उगवलं तर तेवीसही नमुने रद्द, कारण दोष नळाचा नाही, आपल्या पेटीचा किंवा आपल्या हाताचा. मला हे फार आवडायचं. आमच्या हिशेबात अशी सोय नाही.

नमुन्यात दोन दिवसांत काही उगवलं नाही तर मामा रिपोर्टवर 'आढळले नाही' असं लिहायचे. मी एकदा म्हणालो, "मामा, सरळ शून्य लिहा की. माझ्या वहीत रक्कम नसली तर मी शून्यच लिहितो." ते म्हणाले, "तुझ्या गल्ल्यात तू हात घालून तळ चाचपतस. मी शंभर मिलीलीटर बघतंय आणि टाकी हा लाखो लीटरची. गावला नाय म्हणजे नाय असा नाय, हिशेबनीस." हे वाक्य त्यांनी मला आयुष्यात किमान दोनशे वेळा ऐकवलं असेल. हरवलेल्या चावीपासून देवापर्यंत सगळ्याला ते लागू होतं.

परग्रहांचं वेड त्यांना या पाण्यातूनच लागलं. गावी जाताना वाटेत गरम पाण्याचं एक कुंड लागायचं. तिथे सगळे पाय बुडवून बसायचे. मामांनी खिशातली बाटली भरून घेतली, सवयीनं. मुंबईला येऊन तपासली तर काही उगवलं नाही. दुसऱ्या कुणी पाणी ओतून दिलं असतं. मामांनी साहेबांच्या परवानगीनं यंत्राचं तापमान कुंडाइतकं चढवलं आणि पुन्हा ठेवली. तिसऱ्या दिवशी बशीभर साय धरावी तसं उगवलेलं. "तेंका आमचा तापमान थंड पडला होता," ते सांगायचे, आणि सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा नव्यानं उजळायचा. "आपल्या उबेक जो जगता तोच जीव, असा धरून आपण शोधतो. चूक शोधणाऱ्याची. जीवाची नाय."

तेव्हापासून ग्रहांविषयी वर्तमानपत्रात जे येई ते कापून ते एका फायलीत लावायचे. मंगळावरची जुनी पाण्याची खूण, गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली असलेला समुद्र, कुठल्याशा दूरच्या ग्रहाच्या हवेत दिसलेला वायू. समासात पेन्सिलीनं शेरा. बातमीत जीव सापडल्याचा सूर असला की शेरा एकच असायचा: 'हात कोणाचा?' मंगळावर पाठवायचं यान आधी भट्टीत तापवून निर्जंतुक करतात हे वाचलं, तो दिवस त्यांनी साजरा केला. मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बघ, तेंची पण बाटली उकळतत. आपले जंतू घेऊन गेले आणि तेच गावले, तर वाट लागली ना. गावला म्हणून नाचण्याआधी हात बघूचो."

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये मामांचा मुलगा बेपत्ता झाला. निलेश एका मालवाहू जहाजावर इंजिनच्या खात्यात होता. वय एकतीस. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अरबी समुद्रात असताना एका सकाळच्या हजेरीला तो नव्हता. मागच्या डेकवर एक चप्पल मिळाली. जहाजानं मागे वळून शोध घेतला, आसपासची जहाजंही आली, तिसऱ्या दिवशी शोध थांबला. कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं. ते मामांना वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं, कारण इमारतीत सरकारी आणि कंपनीच्या भाषेचा माणूस म्हणून मी ओळखला जातो. समोर मामा, मामी आणि निलेशची बायको सायली अशी तिघं बसली होती. पत्रात किती चौरस मैल समुद्र पाहिला, त्याचा आकडा होता.

मामांनी विचारलं, "हो अरबी समुद्राचो कितवो भाग झालो?"

मी तो प्रश्न तसाच सोडून द्यायला हवा होता. पण आकड्याला उत्तर असतं आणि मला ते काढता येतं, हीच माझी खोड. घरी जाऊन अरबी समुद्राचं क्षेत्रफळ पाहिलं, मैलांचे किलोमीटर केले, भागाकार केला. एका टक्क्याचा दहावा भागसुद्धा भरेना. कागदावर नीट मांडून मी तो मामांना नेऊन दिला. त्यांनी आकडेमोड पुन्हा करून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे बघूकच नाय तेंनी." कागद त्यांनी चार घड्या घालून खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवला. त्यांचा चेहरा पत्र आल्यापासून पहिल्यांदा जरा सैल झाला, आणि मला वाटलं, मी एका बापाला मदत केली.

दीड वर्षानं गणपतीत मंडळाच्या मुलांनी मामांना व्याख्यानाचा आग्रह केला. मामींनीच त्यांना पाठवलं होतं, घरात बसून माणूस आटत चाललाय म्हणून. मामांनी सुरुवात शुद्ध मराठीत केली आणि पाचव्या मिनिटाला ते मालवणीवर आले. कुंडाची गोष्ट सांगितली, उकळलेल्या यानाची सांगितली. तळमजल्यावरचे परब म्हणाले, "मामा, एलियन आलेच तर मेंटेनन्स वेळेवर भरतील ना?" मामा म्हणाले, "तुज्यापेक्षा नक्की भरतील." मांडव हसला. मी हात वर करून विचारलं, "शक्यता टक्क्यांत किती धरायची?" मामा म्हणाले, "टक्को काढूक दोन तरी नमुने लागतत. जीव असलेलो ग्रह आपल्याकडे एकच हा, आणि त्याच्यावर आपणच बसलेलो. एकावरून टक्को काढशीत तर तुका खजिनदारकीवरून काढूक होयो."

मग शेवटच्या रांगेतून सायली उठली. ती बोरिवलीच्या एका शाळेत क्लार्क आहे, कमी बोलते. तिनं विचारलं, "बाबा, किती नमुने तपासले की मग 'नाही' म्हणता येतं?"

मांडवातल्या मुलांना तो ग्रहांविषयीचा प्रश्न वाटला. मोठी सव्वीस माणसं खाली बघू लागली. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ह्याचा उत्तर माका देवक येणा नाय," ते म्हणाले आणि खाली बसले. पाकीट परत केलं ते त्यानंतर.

त्यानंतरची वर्षं त्या घरात निलेश रजेवर असल्यासारखी गेली. त्याची शेव्हिंगची पेटी बेसिनवरच्या फळीवर तशीच. त्याच्या मोबाईलचं रिचार्ज मामा दर महिन्याला करायचे, नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. सायली रोज मंगळसूत्र घालून शाळेत जायची. वाकोल्याहून तिचा भाऊ अधूनमधून यायचा, चहा घ्यायचा, काही बोलायचं म्हणून यायचा आणि न बोलता जायचा. जिन्यात तो मला एकदा म्हणाला, "काका, तिला न्यायला आलो की ती पाणी आणून देते आणि म्हणते, दादा, बाबांचं जेवण व्हायचंय. सांगा, मी काय करू?" मला मामांच्या पाकिटातला कागद आठवला.

एका दुपारी मामा माझ्या दारात उभे राहिले. शर्ट घामानं भिजलेला. जोगेश्वरीच्या बाजारात त्यांना पाठमोरा निलेश दिसला होता. तोच डावा खांदा उतरता, तीच चाल. ते त्याच्या मागे गुंफांच्या रस्त्यापर्यंत पळत गेले, एकोणसत्तर वर्षांचा माणूस. हाक मारली तर तो वळला. कुणी दुसराच, भाजीची पिशवी घेतलेला. त्यानं विचारलं, "काय काका, काय झालं?" मामांनी त्याचाच हात धरून ठेवला होता म्हणे थोडा वेळ.

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला उजेडाकडे धरला नाही, तसाच प्यायले. मग म्हणाले, "नमुन्याक माझोच हात लागलो, रे." एवढं बोलून ते उठले. त्यानंतर मी त्यांना बाजारात जाताना पाहिलं नाही. भाजी सायली आणू लागली.

दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये सात वर्षं पूर्ण झाली. सायली तेव्हा पस्तिशीची. तिच्या भावानं मुलुंडच्या एका शिक्षकांचं स्थळ आणलं. ते विधुर, शांत, एका लहान मुलीचे वडील. सायली त्यांना दोनदा भेटली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वकिलांनी सांगितलं, सात वर्षांत माणसाची काही खबर नाही म्हणून कोर्टात अर्ज करता येईल. ती एकटीही करू शकते, पण वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर सोपं जाईल, आणि त्यांनीच हरकत घेतली तर लांबेल. सायलीनं वकिलांना माझ्यासमोर सांगितलं, "बाबांच्या विरोधात मी कोर्टात उभी राहणार नाही. ते सही करतील तर करा. नाहीतर राहू दे."

म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य मामांच्या एका सहीवर आलं होतं आणि हे मामा सोडून सगळे बोलत होते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी केला. त्यात एक ओळ होती: 'माझा मुलगा मयत झाला आहे असे मी मानतो.' मामांनी मसुदा वाचला, पेन्सिल घेतली आणि 'मयत' खाली रेघ ओढून समासात लिहिलं: 'आढळला नाही'. मग पाकिटातून माझाच तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. घड्यांवर तो फाटत आला होता, चिकटपट्टी लावलेली. "एक टक्को पण बघितलो नाय तेंनी. तुझोच आकडो हा."

सात वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी बोललो. "मामा, हा हिशेब चुकलाय."

"मी तपासलंय. बरोबर हा."

"भागाकार बरोबर आहे. भाजक चुकीचा घेतलाय मी. निलेश सगळ्या अरबी समुद्रात पडला नव्हता. एका ठिकाणी पडला होता. जहाज कुठे होतं, कधी होतं, ते त्यांना माहीत होतं. तेवढी जागा त्यांनी पाहिली, तीन दिवस पाहिली. मी तुम्हाला अख्ख्या समुद्रानं भागून दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून दिलं. देऊ नये हे मला कळायला हवं होतं."

मामा कागदाकडे बघत राहिले. मामी खाली बसून सुकट निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सूप बाजूला केलं आणि नवऱ्याला विचारलं, "पाण्यात काय गावला नाय, की तुम्ही रिपोर्टात काय लिहायच्यात?"

"आढळले नाही."

"आणि तेच्या खाली?"

चौतीस वर्षं रोज लिहिलेलं होतं ते. मामा पुटपुटले, "पिण्यास योग्य."

"अख्ख्या मुंबईक पाणी पिऊक दिल्यात, गावला नाय एवढ्यावर," मामी म्हणाल्या. "घरातल्या चेडवाक तेवढा पण देवचा नाय? तेचा वय चल्ला, वो. माझो झील निलेश मी पोटात घालून बसलंय. तिका कित्याक बसवतास?"

मामींचं चेडू, म्हणजे सायली, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती. तिच्या हातात मामांच्या संध्याकाळच्या गोळ्या होत्या, आणि त्या देऊन ती आत गेली. मामांनी गोळ्या घेतल्या. मग पेन्सिलीचा शेरा खोडरबरानं पुसला, कागदाचा भुसा फुंकून उडवला आणि सही केली. मसुद्यावर सहीची गरज नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही.

ज्याचा देह सापडला नाही त्याचा विधी पळसाच्या पानांचा पुतळा करून करतात. तो आम्ही मार्व्याच्या किनाऱ्यावर केला. सकाळचे सात, ओहोटी. हजर मामा, मामी, सायली, तिचा भाऊ, गुरुजी आणि मी, एकूण सहा. पुतळा पेटायला वेळ लागला, पानं ओलसर होती. तर्पणाची वेळ आली तेव्हा गुरुजींनी तांब्या पुढे केला. मामांनी तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून एक बाटली काढली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांकडून मागून आणलेली शेवटची कोरी बाटली. चौदा वर्षं ती त्यांच्या शोकेसमध्ये होती, झाकणावरचा कागद पिवळा पडला होता, सील शाबूत.

गुरुजींनी विचारलं, "गंगाजल का?"

"नाय. गंगेपेक्षा स्वच्छ."

मामांनी सील तोडलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना बाटलीच्या तोंडाला बोट लावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण काढून पूर्ण तळवा तोंडावर ठेवला, बाटली उपडी केली आणि बोटांमधून पाणी सोडलं. तीन वेळा सोडायचं असतं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "ह्यात कोण नाय."

गुरुजींना तो मंत्राचा भाग वाटला असावा, ते पुढे म्हणत राहिले. मी मामांना चाळीस वर्षं ओळखत होतो. 'गावला नाय' न म्हणता सरळ 'नाय' म्हणताना मी त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. मामी वाळूत बसून राहिल्या. सायलीनं मंगळसूत्र तिथे काढलं नाही. घरी आल्यावर देवघरात ठेवलं, मामींच्या हातानं.

कोर्टाचा कागद व्हायला काही महिने गेले. त्या अवधीत मामांचं हृदय थकलं. शेवटच्या पंधरवड्यात ते घरीच होते. खिडकीजवळच्या पलंगावरून त्यांना पाण्याच्या टाकीचा कोपरा दिसायचा. मी रोज ऑफिसातून आलो की वर्तमानपत्रातलं ग्रहांविषयीचं काही असेल तर वाचून दाखवायचो. एका बातमीत पुन्हा कुठल्याशा दूरच्या ग्रहावर जीवाची खूण असल्याचं म्हटलं होतं. मी विचारलं, "शेरा लिहू ना?" ते म्हणाले, "लिही." मी 'हात कोणाचा?' लिहिलं. ते थोडे हसले.

मग म्हणाले, "हिशेबनीस, माझे दोनशे एक्कावन्न दी आता."

"उत्तर मिळालं? आहे का तिकडे कोण?"

"ता माका काय म्हायत. तुज्या नातवंडांका कळात. मी चेडवाच्या प्रश्नाचा बोलतंय." त्यांना दम लागला, थांबले. "किती नमुने, तेका आकडो नाय. मी सात वर्सां आकडो शोधी होतंय, म्हणान चुकलंय. आकडो नसता. रिपोर्ट देवचो दिवस मात्र असता. लोक बादले घेवन उभे असतत." आणि थोड्या वेळानं, "पैसे माका नको. लग्नात तिका दी. माझ्याकडून म्हणू नको. व्याख्यानाचे म्हण."

दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत मामा गेले. त्यांच्या फायलीत दोनशे सव्वीस कात्रणं निघाली. त्यांतल्या एकशे चौऱ्याऐंशींवर तो एकच शेरा आहे. पाकिटात माझा कागद नव्हता. त्यांनी तो कधी आणि कुठे टाकला ते मामींनाही ठाऊक नाही, आणि मी फार विचारलं नाही. निलेशचा मोबाईल नंबर मी एकदा लावून पाहिला. रिचार्ज संपलं होतं.

मे महिन्यात मुलुंडला सायलीचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. मामी पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवऱ्यामुलाची लहान मुलगी सगळा वेळ त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांच्या बांगड्या मोजत होती. सह्या झाल्यावर मी सायलीला बाजूला घेतलं आणि पाकीट दिलं. गणपतीतलंच पाकीट, त्यावर मंडळाचा शिक्का. सोबत पावती. 'कशाबद्दल' या रकान्यात मी लिहिलं होतं, परग्रहावर जीव असेल का, व्याख्यान. तिनं ते वाचलं. पेन घेतलं, पण सही करायच्या आधी तिनं पावती खिडकीकडे, उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

मग सही केली. रुपये दोनशे एक्कावन्न, रोख, सायलीस दिले.